तिसरा मजला, बिनदाराची खोली

गुणाताईंना रस्त्यात दिसेल त्या लहान मुलाचा दंड पकडायची सवय होती. अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं करून ते त्या मुलाच्या दंडाभोवती फिरवत. कडं सहज मिटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. मग मूल ओळखीचं असो की परकं, लग्नाच्या मांडवात असो की एसटीच्या रांगेत, आईला पहिला प्रश्न ठरलेला, "काल राती काय जेवला यो?" एकदा नालासोपाऱ्याला एसटी स्टँडवर एका बाईनं यावरून असा आरडाओरडा केला की मुलं पळवणारी सापडली म्हणून माणसं गोळा झाली. गुणाताई त्या गर्दीच्या मधोमध उभ्या राहून तिलाच विचारत होत्या, "अगो, वरडतेस काय? दूध सोडवलंस ना याचं? मंग वरचं काय देतेस ता सांग."

हा प्रसंग मी पाहिलेला नाही. मला तो मंजुळाने, म्हणजे त्यांच्या अंगणवाडीच्या मदतनिसाने सांगितला. पण माझ्या स्वतःच्या मुलीचा दंड त्यांनी माझ्यासमोर पकडला होता, तोही आमच्या दुसऱ्याच भेटीत. मी त्यांची वरिष्ठ. मुलीला सांभाळणारी बाई त्या दिवशी आली नव्हती म्हणून तिला बरोबर घेऊन गेले होते. गुणाताईंनी दंड सोडला आणि म्हणाल्या, "बरी हाय. पन पुरी बरी नाय. म्याडम, तुमी कामावर येता, हिला घरात कोन भरवतं?" मला राग आला. घरी येऊन मी मुलीचं वजन केलं. दीड किलो कमी होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी मूळची साताऱ्याकडची. नवरा मुंबईत नोकरीला, म्हणून आम्ही आचोळ्याला वन रूम किचनचा फ्लॅट घेतला होता आणि मी मुख्यसेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वीस-बावीस अंगणवाड्या माझ्याकडे होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांना सरकारचा आहार मिळतो की नाही, मुलांची वजनं होतात की नाही, सेविकेची दप्तरं नीट आहेत की नाही, हे मी बघायचं. गुणाताईंची अंगणवाडी खाडीकाठच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. गावाची भातशेती आणि मिठागरांकडेची जमीन तेव्हा भराभर विकली जात होती आणि त्यावर चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या.

पहिल्यांदा पाहणीला गेले तेव्हा देवळाच्या बाजूच्या खोलीत मंजुळा ताटल्या मांडत होती. पटावर बत्तीस नावं. ताटल्या पन्नासच्या वर.

"एवढ्या कशाला?" मी विचारलं.

मंजुळा पातेल्यात बघत म्हणाली, "ताई आल्या की त्यांनाच इचारा."

ताई आल्या त्या दहा-बारा मुलांची रांग घेऊन. काटक, सावळ्या, पंचेचाळिशीच्या. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेला वजनकाट्याचा आकडा. मुलांच्या केसांत सिमेंट होतं.

"ही मुलं कोण?"

"पोरं."

"ते दिसतंय. कुठली?"

"त्या बिल्डिंगीतली."

"ती बिल्डिंग अजून झालेली नाही."

"पोरं झाली ना, म्याडम," असं म्हणून त्यांनी मुलांना हात धुवायला बसवलं.

सरकारी धान्य कमी पडत नव्हतं, कारण घरच्या शेतातले तांदूळ आणि कुंपणावरचा शेवग्याचा पाला त्या पातेल्यात मिसळत होत्या. मी दप्तर तपासलं. अक्षर वाकडं, पण नोंदी चोख. पाहणीच्या वहीत मी लिहिलं, 'लाभार्थ्यांव्यतिरिक्त मुले आढळली.' तेव्हा मला ते वाक्य फार कर्तव्यदक्ष वाटलं होतं.

त्या एका जागी बसत नसत. महिन्याच्या बैठकीत बाकीच्या सेविका सतरंजीवर, आणि या दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय बाहेर. बोलतानाही हात चालू, कुणाच्या मुलाच्या शर्टाचं बटण लाव, कुणाचं नाक पूस. वजनाच्या दिवशी त्या काटा दाराच्या कडीला अडकवत, झोळीत मूल घालत आणि आईला आधी विचारत, "वाढलं का गो?" आई म्हणायची, वाढलंय. मग त्या काट्याकडे बोट दाखवायच्या. "आय खोटं बोलते, काटा नाय. आयला लाज वाटते ना, काट्याला कुठची लाज?" पण त्या आईला ओरडायच्या नाहीत. वाढीच्या तक्त्यावर टिंब देताना त्यांचा हात फार हळू चालायचा. टिंब खालच्या रेघेखाली गेलं, म्हणजे आमच्या भाषेत मूल तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीत गेलं, की त्या पेन्सिल खाली ठेवून उठायच्या आणि खोलीत एक फेरी मारून यायच्या.

त्या फेरीचं कारण मला त्यांनी एकदा मिठागराच्या बांधावरून चालताना सांगितलं. मी पाण्यात पाय घसरू नये म्हणून खाली बघत होते, त्या पुढे चालत होत्या. त्यामुळे सगळं त्यांच्या पाठीकडून ऐकलं.

"माजी पयली पोरगी दीड वर्साची गेली. सासू बोलली, नजर लागली. मी पन तेच बोलायचो. मंग बारा-तेरा वर्सांनी ही नोकरी लागली आनि ट्रेनिंगला गेलो. तिथं बाईंनी तक्ता लावला भिंतीवर. पोर सा महिन्याचं झालं की वरचं खायला द्या, नुसत्या दुधावर, नुसत्या पेजेच्या पान्यावर ठेवू नका. असं पोर कसं दिसतं त्याचं चित्र होतं. पोट मोठं, पाय काड्या." त्या बांधाच्या वळणावरून पुढे झाल्या. "ती माजीच पोरगी होती, म्याडम. चित्रात. घरात कनगीभर भात होता. खाडीची मासळी होती. मी तिला पेजेचं पानी देत होतो, पोर लहान हाय म्हनून."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता हाय ना."

त्यानंतर मी त्यांच्या ताटल्या मोजणं सोडून दिलं असतं, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

गावात नाना म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. जमीन विकून दुमजली घर बांधलेलं. त्यांच्या नातवाचं नाव पटावर होतं, पण तो अंगणवाडीत येत नसे. आहार घरी पोचवावा असं घरच्यांचं म्हणणं. गुणाताईंनी एकदा त्यांच्या अंगणात उभं राहून सांगितलं, "नाना, तुमचा नातू दूध पितो, अंडी खातो. त्याला अंगनवाडीत खेलायला पाठवा, खुशाल पाठवा. पन डबा मी नाय आनून देनार. तितक्यात माजी दोन पोरं जेवतात." नानांना ते चारचौघांत लागलं. आठवड्यात प्रकल्प कार्यालयात तक्रार आली. गावच्या मुलांचा आहार परप्रांतीय मजुरांना वाटला जातो. खाली चाळीसेक सह्या.

तिथल्या साहेबांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, मला बोलावून कागद पुढे सरकवला. मी नवी होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. मी लेखी आदेश काढला, 'नोंदणीकृत लाभार्थ्यांव्यतिरिक्त कोणासही आहार देण्यात येऊ नये.' तो स्वतः नेऊन दिला. गुणाताईंनी दोनदा वाचला.

"म्हंजे नोंद असेल तर चालंल?"

"नोंद असेल तर प्रश्नच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

पुढचे आठ दिवस त्या अंगणवाडी सुटली की त्या अर्धवट इमारतींमध्ये जात. कठडा नसलेल्या जिन्यांवरून चढत, प्रत्येक मजल्यावर पोत्यांचे आडोसे करून राहणारी कुटुंबं लिहून काढत. नवव्या दिवशी त्यांनी सर्वेक्षणाचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. त्रेचाळीस मुलं, नऊ गरोदर बाया. पत्त्याच्या रकान्यात इमारतीचं नाव नव्हतं, कारण इमारतीला अजून नाव नव्हतं. तिथे त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'पहिला मजला, जिन्याखाली.' 'दुसरा मजला, पाण्याच्या पिंपाजवळ.' एका नावासमोर, 'तिसरा मजला, बिनदाराची खोली.' ते नाव होतं रेणुका. वय एक वर्ष चार महिने. श्रेणी चौथी. आईचं नाव शांता, पाचवा महिना.

"गुणाताई, हा काय पत्ता झाला?"

"तिथंच राहतात ती. मी बघून आलो."

"अहो, सहा महिन्यांत काम संपेल, निघून जातील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक वर्साच्या पोराला सा महिने कमी हायत का, म्याडम?"

मी म्हटलं, महिन्याच्या बैठकीत साहेबांसमोर ठेवते. आणि मला खरंच ठेवायचं होतं. पण त्या बैठकीला साहेब तापलेले होते. माझ्या आधी दोघींना त्यांनी सर्वांसमोर झापलं. 'आधीच तुमच्या भागातून तक्रार आलीय' असं माझ्याकडे बघून म्हणाले. कागद माझ्या पर्समध्ये होते. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. दुसऱ्या दिवशी गुणाताईंनी विचारलं, "दिलंत?"

"वर पाठवलंय," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मला त्याचं काही वाटलंही नाही. पुढच्या महिन्यात ठेवू, काय फरक पडतो. पण गुणाताईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. साइटवरच्या बायांना त्यांनी सांगून टाकलं, कागद वर गेलाय, हुकूम येईपर्यंत दम धरा. हुकूम मोडला तर मंजूर होणारं नामंजूर होईल या भीतीनं त्यांनी त्या मुलांना अंगणवाडीत बसवणं बंद केलं. रेणुकासाठी मात्र रोज घरून वाटीभर मऊ भात, त्यात तेल आणि वरण कालवून, तिसऱ्या मजल्यावर नेत. तिला एकदा सरकारी दवाखान्यातही नेलं. डॉक्टर म्हणाले भरती करा. शांता दोन दिवस तिथे थांबली. तिसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, कामावर ये नाहीतर दुसरी बाई घेतो. ती मुलीला घेऊन परत आली आणि डोक्यावर घमेलं घेऊन उभी राहिली.

दुसऱ्या महिन्याची बैठक झाली. त्या वेळी कागद न देण्याचं काय कारण होतं ते मला आठवत नाही. आठवत नाही हेच मला जास्त टोचतं.

आणि मग एका सकाळी गुणाताई मऊ भात घेऊन गेल्या तर तिसरा मजला रिकामा. पोत्यांचे आडोसे, चुली, सगळं उचललेलं. बिल्डरचं काम अडलं होतं, मुकादमाने माणसं ट्रकमध्ये घालून दुसरीकडे नेली होती. कुठे ते राखणदाराला माहीत नव्हतं. कुणी म्हणालं विरार, कुणी म्हणालं गिरीज.

गुणाताईंनी त्या दिवसापासून शोध सुरू केला. सकाळी अंगणवाडी, दुपारी शोध. विरारच्या साइट्स झाल्या, वसईच्या झाल्या. जिथे रेतीचा ढीग दिसेल तिथे त्या एसटीतून उतरत. मंजुळा मला म्हणाली, "म्याडम, ताईंना जरा समजवा. घरात पन बसत नाय, रातचं जेवताना मधीच उठून दारात जातात." मी समजवायला गेले आणि शनिवारी त्यांच्याबरोबर निघाले. माझ्या पर्समध्ये ते कागद अजून होते. त्या दिवशी गिरीजच्या वाड्यांमधून आम्ही उन्हातून चालत होतो. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये पाटाचं पाणी, आणि जिकडेतिकडे घड लटकलेले.  गिरीजला कुणी नव्हतं. तिथल्या एका गवंड्याने सांगितलं, नंदाखालला एक बंगला चाललाय, तिथे नवी माणसं आलीत.

नंदाखालला शांता आम्हाला रेती चाळताना दिसली. सात महिन्यांचं पोट घेऊन चाळणी हलवत होती. गुणाताईंना पाहून तिनं चाळणी खाली ठेवली. मग तोंडाला पदर लावला. गुणाताईंनी आजूबाजूला पाहिलं, झाडाला बांधलेली झोळी शोधावी तसं. झोळी नव्हती.

"कधी?"

"मंगळवारी, ताई. जुलाब लागले. एका दिसात गेलं लेकरू."

बंगल्याच्या मागे नारळांपलीकडे मुकादमाने जागा दाखवली होती. आम्ही गेलो. ओल्या मातीवर दोन विटा ठेवलेल्या. गुणाताई उभ्या राहिल्या. मग शांताला विचारलं, "शेवटाला काय खाल्लं तिनं?"

"केळं. वाडीतल्या बाईनं दिलेलं. चांगली हाय ती बाई, मेणबत्ती बी तिनंच आनून लावली. मागून खाल्लं लेकरानं. अर्धं खाल्लं."

ते अर्धं केळं मला अजून सोडत नाही. त्या सबंध पट्ट्यात केळी इतकी की रस्त्यावर पडून सडायची.

मला वाटलं गुणाताई रडतील. त्यांचे डोळे कोरडे होते. त्या शांताच्या पोटाकडे बघत होत्या. मग एकदम, जवळजवळ रागानं म्हणाल्या, "तू काय खाल्लंस आज?"

"चहा घेतला सकाळी."

दुपारचे दोन वाजले होते. गुणाताईंनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि रेणुकासाठी आणलेला मऊ भात. शांताला विटांच्या थप्पीवर बसवलं आणि समोर उभं राहून सगळं संपेपर्यंत हलल्या नाहीत. शांता दोनदा थांबली, म्हणाली उतरत नाही. "उतरंल," गुणाताई म्हणाल्या. "त्या पोटातल्याला काय ठावं तुजं दुःख? त्याला भूक लागली हाय. खा." मग पिशवीतून वही काढून तिथेच उभ्या उभ्या तिची नोंद घेतली. मुकादमाला बोलावून दर आठवड्याला मी येणार, हिला घमेलं द्यायचं नाही असं सांगितलं. तो हसला. त्यांनी हसू संपायची वाट बघितली आणि परत तेच सांगितलं.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. आगाशी मागे पडल्यावर म्हणाल्या, "सोमवारी नोंद करायची."

"कसली?"

"रेनुकाची. मयताच्या रकान्यात."

 चौथ्या श्रेणीतलं मूल दगावलं असं दप्तरात आलं की चौकशी लागते. सेविकेची, मुख्यसेविकेची. "गुणाताई," मी हळू आवाजात म्हटलं, "ती आपल्या पटावर नव्हती. आपल्या गावात गेली नाही. आपण कशाला अंगावर घ्यायचं?"

"गावाच्या पटावर नव्हती. नंदाखालच्या पटावर नसंल. तिच्या मुलखात पन नाव नसंल आता. मंग ती मेली कुनाच्या यादीत?"

कंडक्टर आला, मी दोघींची तिकिटं काढली.

"जल्मली नाय, मेली नाय, असंच ना?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "ते कागद वर गेलेच नव्हते ना, म्याडम?"

 पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली आणि कागद त्यांच्या हातात दिले. चौकोनी घडीच्या रेघांवर ते फाटायला आले होते. त्यांनी ते उलगडले, गुडघ्यावर ठेवून हाताने सरळ केले आणि मला परत दिले.

"मी पन तेराएक वर्सं नजर लागली बोलत होतो," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी नोंद केली. नाव, वय, श्रेणी, मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात त्यांनी आधी 'जुलाब' लिहिलं होतं, पुढे स्वल्पविराम देऊन 'भूक'. मी म्हटलं, "भूक हे कारण कुणी मान्य करणार नाही." त्या म्हणाल्या, "मान्य नको करू देत. वाचतील तरी." खाली माझी सही हवी होती. मला माझी मुलगी आठवली, नवरा आठवला, फ्लॅटचे हप्ते आठवले. खोलीत मुलं बडबडगीत म्हणत होती. मी सही केली आणि त्रेचाळीस नावांचे कागद त्याच्याच मागे जोडले. का उशीर झाला याच्या खुलाशात जे घडलं तेच लिहिलं.

व्हायचं ते झालं. साहेबांनी मला तासभर उभं करून ऐकवलं. दोघींना नोटिसा आल्या. गुणाताईंना चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवलं. नाना गावात म्हणाले, बघा, मी सांगत होतो. त्या काळात मंजुळा एकटी अंगणवाडी चालवायची आणि गुणाताई सकाळी साडेनऊला देवळासमोरून काटा घेऊन निघायच्या. "कामावरून काढलं ना तुला?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "अंगनवाडीतून काढलं. रस्त्यावरून नाय काढलं." दर गुरुवारी त्या नंदाखालला जात. मुकादमाने शांताला घमेल्यावरून काढून पाणी मारायच्या कामावर ठेवलं, का ते मला माहीत नाही. बहुधा कंटाळून.

चौकशीला वरून एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी मयताची नोंद वाचली, मग मागचे कागद उलटले. पत्त्याच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "तिसरा मजला, बिनदाराची खोली," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी," गुणाताई म्हणाल्या.

"चला, दाखवा."

त्या बाई चढल्या. साहेबही चढले, भिंतीला हात धरून. इमारतीत तोवर दुसऱ्या मुकादमाची नवी माणसं आली होती आणि त्या बिनदाराच्या खोलीत दुसरंच एक मूल जमिनीवर झोपलं होतं. गुणाताईंनी पिशवीतून काटा काढला आणि वर आलेल्या सळईला अडकवला.  काट्यानं जे दाखवायचं ते दाखवलं.

महिन्याभरात बांधकामावरच्या मुलांची आणि बायांची वेगळी नोंद ठेवून आहार द्यायला परवानगी मिळाली. गुणाताईंना परत घेतलं. माझी बदली डोंगराकडच्या तालुक्यात झाली. तिला शिक्षा म्हणायचं की नाही हे मी कधी ठरवलं नाही. शांताला मुलगी झाली, सव्वादोन किलोची. गुणाताईंनी तिला पाच किलोपर्यंत आणलं. मग एका गुरुवारी नंदाखालचा बंगला रंगवून तयार होता आणि तिथे कुणीच नव्हतं. या वेळी त्यांनी शोधलं, मीही सुटीच्या दिवशी शोधलं. सापडली नाहीत. ती मुलगी आज कुठे असेल, असेल का, याचा विचार आला की मी हातातलं काम सोडून उठते.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मंजुळाचा फोन आला. ताईंचं एक अंग गेलंय, तुमची आठवण काढतात. मी तेव्हा सुटीवर आचोळ्यालाच होते. रविवारी दुपारी गेले. गाव ओळखू येत नव्हतं. त्यांचं कौलारू घर चारी बाजूंनी इमारतींत बुडालेलं. गुणाताई खाटेवर. बसायचा ज्यांना कंटाळा, त्या झोपून. तोंड थोडं वाकडं झालेलं, पण बोलणं कळत होतं. मी हात हातात घेतला, तब्येतीचं विचारलं. 

"म्याडम, ती मागची बिल्डिंग बघितलीत?"

"बघितली. नवीन चाललीय."

"परवापासून तिकडं एक पोर रडतं. दुपारचं. आईकलं मी." त्या दम खाऊन पुढे बोलल्या. "पडलं, लागलं तर पोर जोरात रडतं आनि गप होतं. हे बारीक रडतं. थांबत नाय. सूनबायला सांगितलं, ती बोलते, आई, तुमी आराम करा."

"मी उद्या तिथल्या सेविकेला सांगते, गुणाताई. तिचं नाव काय?"

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होते.

"तुमी जा ना," त्या म्हणाल्या. "आता."

मी चांगली साडी नेसून आले होते, गुडघे दुखत होते, रविवार होता. सूनबाई ओशाळून म्हणाली, "अहो, त्यांचं काय मनावर घेता, चहा टाकलाय." मी उठले. मागच्या दाराने बाहेर पडले, रेतीच्या ढिगाला वळसा घातला आणि जिना चढू लागले. कठडा नव्हता. पहिल्या मजल्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर आवाज ऐकू आला, बारीक, न थांबणारा. वर पोत्याच्या आडोशाबाहेर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. मला पाहून ती घाबरून उभी राहिली.

"बस, बस," मी म्हटलं. मला धाप लागली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. "किती महिन्यांचं आहे गं? नाव काय याचं?"